आरशावरची पांढरी चादर

माझ्या उजव्या कोपऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढा काळा डाग आहे. काचेमागच्या चांदीच्या थरात दमट हवा शिरली, की तो असा काळवंडतो. वर्षभर मला कोणी पुसले नाही, त्याची ही खूण.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. अलिबागच्या एका सुताराने मला सागवानी चौकट बसवली. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या एका कुटुंबाबरोबर मी मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागात आलो. पाहुणे माझी चौकट नावाजत. पप्पा आजारी पडल्यावर त्यांची मुलगी मिल्का रोज माझ्यासमोर त्यांची दाढी करायची. गालावर राहिली, म्हणून ते कुरकुरायचे. लग्नाला जायचंय का, असे ती विचारायची.

साथीच्या पहिल्या वर्षी पप्पा गेले. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती, आणि मृतासाठी म्हणायच्या कद्दिश या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मिल्काच्या थोरल्या भावाने, एझ्राने, मोजून दहा पुरुष नेले. त्यांतल्या चौघांनी पप्पांना कधी पाहिलेही नव्हते. मिल्का कब्रस्तानाबाहेर गाडीत बसून राहिली.

घरी येऊन तिने माझ्यावर पांढरी चादर टाकली. सात दिवस आत्मा कबर आणि घर यांच्यामध्ये ये-जा करतो, असे हे लोक मानतात. तेवढे दिवस आरसे झाकतात. मग आत्मा वर जातो. काही राहून गेले असेल, तर दुसऱ्या देहात परत येतो. त्याला ते गिलगुल म्हणतात.

सात दिवस संपले, तरी चादर राहिली. मी निरोपच दिला नाही, तर पप्पा जातील कसे, असे मिल्काचे म्हणणे. एझ्राने दारातूनच, मास्कआडून विचारले, "पप्पांना भाडेकरू ठेवलंयस का?" तिने दार लावून घेतले.

मित्रांनो, झाकून ठेवलेली वस्तू जपली जाते असे समजू नका. आत ओल धरते आणि बाहेरून काही दिसत नाही.

वर्षाचा दिवस आला तेव्हा पुन्हा लॉकडाउन होता. एझ्राचा फोन आला. दहा पुरुष जमू शकत नाहीत, तेव्हा यंदा कद्दिश राहू दे, असे तो म्हणाला.

"गेल्या वर्षी बरे जमले," मिल्का म्हणाली.

"आता नियम तू ठरवणार का?"

तिने माझ्यावरची चादर ओढून काढली. फोन कानाशी धरलेली मिल्का माझ्यात उभी होती, काळ्या डागाच्या शेजारी.

"कद्दिश मी म्हणणार आहे, दादा. ऐकायचं असेल तर थांब, नाहीतर फोन ठेव."