आतली काडी

काकांचे हात कापायला लागले आणि दुकानाला कुलूप बसलं. चाळीस वर्षं व्हायोलिनं दुरुस्त केलेल्या माणसाला आता चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे.

पुतण्याचा धंदा मात्र जोरात होता. फक्त वाद्यांच्याच एका ऑनलाइन बाजारात तो व्हायोलिनं विकायचा, आणि त्यातल्या एकालाही त्याने कधी हात लावला नव्हता. ऑर्डर याच्याकडे यायची, माल कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे जायचा.

"हात न लावता पोट भरतं, काका. तुम्ही जन्मभर हात लावून काय मिळवलंत?"

माल परत मागवणं परवडत नसे. म्हणून तक्रार आली की ठरलेलं उत्तर आपोआप जाई: वाद्य फोडा, फोडतानाचा व्हिडिओ पाठवा, पैसे परत मिळतील. ते व्हिडिओ पुतण्या जेवताना बघायचा.

एकदा काकांनी डोकावून पाहिलं. आत काहीतरी खुळखुळतंय, अशी तक्रार होती.

"अरे, ते मोडलेलं नाही. आत बोटाएवढी काडी असते. ती चिकटवत नाहीत. तारांच्या दाबाने उभी राहते. वाटेत पडली असेल. दहा मिनिटांत उभी करता येते."

"दहा मिनिटांत माझी तीन खपतात."

तरी काकांनी आपलं स्वतःचं व्हायोलिन त्याच्याच हवाली केलं. आपल्याच्याने आता वाजत नाही, निदान दुसऱ्या कुणीतरी वाजवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पॅकिंग त्यांनी स्वतः केलं. प्रवासात ताण नको म्हणून तारा जराशा सैल करायच्या होत्या. कापऱ्या बोटांनी त्या जास्तच सैल झाल्या.

"खपलं तुमचं," पुतण्या म्हणाला. "एका बाईंनी मुलीसाठी घेतलंय."

आठ दिवस काका रोज विचारत राहिले, "काय म्हणते ती पोरगी?"

नवव्या दिवशी जेवताना पुतण्याने फोन पुढे केला. "घ्या, पाच स्टार दिलेत." आणि मोठ्याने वाचलं, "पैसे लगेच परत मिळाले. उत्तम सेवा."

"परत? कशाचे परत?"

पुतण्याचा घास तोंडातच राहिला. "ते उत्तर आपोआप जातं, काका. मी काही मुद्दाम..."

"दाखव."

व्हिडिओत टेबलावर वर्तमानपत्र नीट पसरलेलं होतं. बाईंनी व्हायोलिन कॅमेऱ्याजवळ आणून हलवलं. खुळखुळ. मग शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "कान झाकून घे गं." आणि हातोडा उचलला.

"तसलंच नवं मागवतो तुम्हाला," पुतण्या म्हणाला. "परवा दारात येईल."

"पुन्हा लाव," काका म्हणाले. "हातोड्याच्या आधी थांबव."

त्याने लावलं. खुळखुळ झाली. थांबवायला त्याचं बोट जरा उशिरा पडलं.

"पुन्हा," काका म्हणाले.