जयवंताचा हार

"फुलाला हात लावायचा नाही. संपलं." खाजेसाठी दाखवलेल्या अमरावतीच्या डॉक्टरांचा तो आवाज जयवंताच्या कानातून अजून गेला नव्हता. बोलताना त्यांनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. जयवंता "हो जी" म्हणाली, त्यांनी दिलेले रबरी हातमोजे घेतले आणि बडनेऱ्याजवळच्या आपल्या शेवंतीच्या वावरात परत आली.

तण निंदताना ती मोजे घालायची. पण पहाटे देवीसाठी हार गुंफायला बसली, की काढून ठेवायची. देवाच्या फुलाला रबर कसं लावावं? वर्ष गेलं. बोटं चिरली, मान काळी पडून चामड्यासारखी झाली, आणि आता सकाळी पापण्या उघडेनात.

शेषरावनं बायकोला अकोल्याला नेलं. तिथल्या पौर्णिमा डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावल्या आणि दोन दिवसांनी काढून तपासलं. झेंडू, शेवंती आणि वावरातलं गाजरगवत, तिन्ही तिला बाधत होती.

"मोजे घालता ना?"

"घालते ना जी," शेषरावच बोलला.

"त्यांना सांगू द्या." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

जयवंतानं चिरलेली बोटं पुढे धरली. मग तिनं हाराचं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"मले काहून नाही सांगतलं?" शेषराव म्हणाला. "देवी काही आंधळी होत नाही, तू होशीन."

"गोळ्यांनी हे दाबता येईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्या फार दिवस घेतल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. फुलं सोडली तर सूज उतरेल. कातडी पहिल्यासारखी होईल, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्यानं काय सुटेल, काय नाही, ते सांगा. मग मिळून ठरवू."

"वावर सोडीन मी. हार नाही सुटत माह्याच्यानं."

"जास्वंदाचा चालेल देवीला? आधी हातावर लावून बघू."

"चालते. पण झाड लावा लागन, फुलाले वेळ लागन."

"तोवर?"

जयवंतानं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तोवर रिकाम्या हातानं जाईन," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून हार एकदाही चुकला नव्हता.

"जमलं नाही तरी लपवू नका."

"नाही लपवत, बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे शेषराव एकटाच फुलं तोडायला वावरात उतरला. जयवंतानं आंघोळ केली, सुजलेल्या डोळ्यांवर ओला पदर धरला. देवळाची जवळची वाट शेवंतीतूनच जाते. ती बांधाशी थोडी थांबली, वास आला तशी मागे सरली, आणि डांबरी रस्त्यानं, लांबच्या वाटेनं, रिकाम्या हातांनी चालू लागली.