दोघांना मानवेल अशी हवा

मास्तरांना उकाडा सोसत नाही, असं कोणी सांगितलं तर लोक हसत. ज्या माणसाने सारा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढला, त्याला उकाड्याची काय तक्रार? पण मास्तरांचं म्हणणं वेगळंच. भट्टीची धग ही कामापुरती. काम संपवून दार ढकललं, की तोंडावर गार वारा आला पाहिजे, धुक्याने मिश्या ओल्या झाल्या पाहिजेत. त्यांच्या बंदराच्या गावात धुक्याला तोटा नव्हता. आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवायचा नाही आणि मास्तर शीळ घालत पाव भाजायचे.

बाई, म्हणजे त्यांची बायको, शाळेत चित्रकला शिकवायच्या. मास्तर बेकरीत आणि बाई शाळेत, त्यामुळे नव्या माणसाचा हमखास घोटाळा व्हायचा. बाईंचं माहेर कोरड्या उन्हाच्या मुलखातलं. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं, "अहो, इथली हवा मला काही मानवायची नाही."

"होईल गं सवय," मास्तर म्हणाले.

दर थंडीत बाई तेच म्हणायच्या आणि मास्तर तेच उत्तर द्यायचे. होता होता तो घरातला विनोदच होऊन बसला. लेक लहानपणी दोघांची नक्कल करायची.

विनोद संपला तो एका सकाळी. बाई शाळेत जायला निघाल्या आणि वाटेतच बेकरीत शिरल्या. स्वेटर पुढून उघडा, तो दोन्ही हातांनी गच्च धरलेला.

"बटणं लावून द्या जरा," त्या म्हणाल्या. "बोटं ऐकत नाहीत."

मास्तरांनी पिठाच्या हातांनी बटणं लावली. बोटांचे सांधे सुजून लालबुंद झाले होते. गुडघे तर कधीपासूनच कुरकुरत होते. बाई बोलल्या नव्हत्या इतकंच. शाळेत खडू धरवेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर म्हणाले, "मी एकीकडून ओढणार आणि ही दमट थंडी दुसरीकडून. जमलं तर कोरड्या हवेत जाऊन राहा."

लेक अशाच एका कोरड्या, रखरखीत शहरात दिली होती. मास्तरांनी फार विचार केला नाही. बेकरी धाकट्या भावाच्या हाती सोपवली, सामान बांधलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं तू माझ्या गावात काढलीस. आता उरलेली मी तुझ्या उन्हात काढतो. हिशेब फिटला."

लेकीने शेजारच्याच इमारतीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. खिडक्यांना जाड पडदे होते. बाईंनी पहिल्याच दिवशी ते बाजूला सारले आणि उन्हात खुर्ची टाकून मांजरासारख्या डोळे मिटून बसल्या. महिना-दोन महिन्यांत सूज उतरली. मग जिना चढता येऊ लागला. मग इमारतीतली पोरं कागद-रंग घेऊन दारात हजर. एक दिवस बाईंनी मास्तरांच्या शर्टाची सगळी बटणं, काही कारण नसताना, खालून वर लावून दाखवली आणि खळखळून हसल्या. असं हसणं मास्तरांनी लग्नाच्या नव्या नवलाईनंतर ऐकलंच नव्हतं.

मग अशा बाईपुढे तोंड कसं उघडायचं?

मास्तरांच्या अंगाची लाही लाही होत होती. ओली चादर अंगावर घेऊन पडलं, तरी डोळ्याला डोळा लागत नसे. अन्नावरची वासना उडाली. मानेवर, पाठीवर घामोळ्यांचं रान माजलं. वेळ जावा म्हणून त्यांनी जवळच्या एका बेकरीत काम धरलं होतं. तिथेही त्यांचे हात त्यांना ओळख दाखवेनात. आयुष्यभर ज्या अंदाजाने पीठ मळलं, तो अंदाज इथे कुचकामी. आकार द्यायला घेईपर्यंत पीठ फुगून, आंबून, पाटावर पसरलेलं असायचं. दोनदा अख्खा घाणा फुकट गेला. मालक भला माणूस. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही गल्ल्यावर बसा, पंख्याखाली." मास्तर बसले. पाव विकायला बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तुम्ही वाळलात हो," बाई म्हणायच्या.

"बरंच आहे की. पोट सुटलं होतं."

"हवा मानवतेय ना?"

"न मानवायला काय झालं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. जावई तेवढा अधूनमधून त्यांच्याकडे बघून थबकायचा. पण सासऱ्याने नजर चुकवली, की तोही विषय बदलायचा.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, मास्तर गल्ल्यावरून उठले आणि पाण्याच्या माठापर्यंत पोचायच्या आत कोसळले. शुद्ध आली तेव्हा ते इस्पितळात होते, हाताला सलाईन होतं आणि बाई उशाशी बसलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हृदय दमलंय. असा आणखी एक उन्हाळा त्यांना झेपेल असं वाटत नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. म्हणाल्या, "मी मेले होते का? मला का नाही सांगितलंत?"

"तू हसत होतीस," मास्तर म्हणाले.

"चला परत. उद्याच चला."

परत गेले. बंदराचं गाव होतं तसंच होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या मास्तरांना कडकडून भूक लागली. ते बेकरीत उभे राहिले, भावाच्या हातातलं पाव काढायचं फावडं घेऊन पहिला घाणा त्यांनीच काढला. पंधरवडा झाला नाही तोच बाईंची बोटं पुन्हा सुजली. त्या हात पदराखाली लपवू लागल्या. आता नाटक करायची पाळी त्यांची होती आणि त्यांना ते मास्तरांइतकंही जमत नव्हतं. एकदा त्यांच्या हातून चहाचा कप सुटून फुटला. मास्तर काचा वेचायला खाली बसले, ते बसूनच राहिले.

मग लेक-जावयाने तिसरं शहर शोधलं. ना फार गरम, ना फार थंड. दोघांनाही चालेल असं. सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. बिऱ्हाड पुन्हा हललं. पण ते शहर म्हणजे दुपारी तापायचं आणि पहाटे दवाने भिजायचं. दुपारी मास्तर धापा टाकत पडून असायचे आणि बाई त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या. सकाळी बाईंना उठवत नसे आणि मास्तर त्यांचे गुडघे शेकायचे. एकालाच पुरतं बरं वाटायचं, त्याऐवजी आता दोघंही अर्धे-अर्धे आजारी. शेजारीण म्हणायची, "किती करता हो एकमेकांचं!" ते ऐकून दोघांनाही ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी बाई भाजी निवडता निवडता थांबल्या.

"ऐकता का, तुम्ही तुमच्या गावी जा."

"आणि तू?"

"मी लेकीकडे."

"या वयात वेगळं व्हायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझे गुडघे देते आणि तुमचा दम देते. मग बोला म्हणावं."

मास्तर हसले नाहीत. "भांडण असतं तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "मिटवलं असतं. कोणाचं चुकलं असतं तर माफी मागितली असती. इथे कोणाचे पाय धरू?"

बाईंनी पुन्हा भाजी जवळ ओढली. पण निवडलेली आणि न निवडलेली एकत्रच करत राहिल्या.

निरोपाच्या दिवशी दोघांच्या गाड्या एकाच स्टेशनवरून, उलट्या दिशांना होत्या. मास्तरांची आधी. बाईंनी डबा दिला, औषधं समजावली, मफलर गळ्याभोवती गुंडाळायला घेतला आणि तिथल्या उकाड्यात तो पुन्हा काढून पिशवीत ठेवला. लेक लांब उभी राहून दुसरीकडेच बघत होती.

"जेवत जा," बाई म्हणाल्या.

"उन्हात बसत जा," मास्तर म्हणाले.

गाडी सुटली. बराच वेळ मास्तर अंगाचं मुटकुळं करून बसले होते. समोरच्या बाकावरचा प्रवासी बोलायला बघत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग कधीतरी घाट लागला आणि खिडकीतून गार झोत आत आला. छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखा त्यांचा श्वास मोकळा झाला. पोटात भूक उमटली. त्यांनी डबा उघडला आणि सगळा संपवला. आणि शेवटच्या घासाला त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. फार बरं वाटतंय. बायकोपासून मैलामैलाने लांब जाताना हे अंग मेलं खुशाल सुखावतंय. त्यांना स्वतःच्या शरीराचा असा राग आला, की रिकामा डबा त्यांनी बाकाखाली सरकवून दिला. समोरच्याने विचारलं, "बरं वाटत नाही का काका?"

"नाही हो," मास्तर म्हणाले, "वाटतंय."

आता मास्तर बेकरीच्या वरच्या खोलीत राहतात. बाई लेकीकडे असतात आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं वाढली आहेत. दोघंही तब्येतीने ठणठणीत आहेत. डॉक्टर दोघांवरही खूश आहेत. रोज फोन होतो आणि फोनवर ते बहुतेक हवेबद्दलच बोलतात. थंडीचे दिवस आले, की त्या शहरातलं ऊन जरा नरम पडतं, तेव्हा मास्तर तिकडे जातात. दोघं रोज हळूहळू कोपऱ्यापर्यंत फिरून येतात. मग एखाद्या दुपारी मास्तर शर्टाचं वरचं बटण काढतात आणि पंख्याकडे बघतात. बाईंना ते दिसतं. त्या लेकीला हाक मारतात. संध्याकाळी लेक परतीचं तिकीट काढते आणि मास्तर ते न बघताच खिशात ठेवतात.