अंगठ्याचं माप

मी बोलिंगच्या बॉलना भोकं पाडते. दोन बोटांची दोन, अंगठ्याचं एक. ऐकायला सोपं वाटतं. पण अंगठ्याचं भोक केसभर मोठं झालं तर सात किलोचा बॉल नको तेव्हा निसटतो, आणि केसभर लहान झालं तर अंगठा सोलून निघतो. म्हणून दुकानात प्रत्येक खेळाडूच्या मापांचा कागद असतो. तो मी जिवापाड सांभाळते.

माझ्या धाकट्या भावाचाही आहे. तो बोलिंगवरच पोट भरतो. हॉलमध्ये त्याला सगळे गोगलगाय म्हणतात, कारण बॉल हातात घेतला की तो श्वास सोडत, तळहात पुसत बराच वेळ नुसता उभा राहतो. त्याच्याकडून हरलेले लोक ‘आणि पोटात पाय’ एवढं पुढे जोडतात. पूर्वी त्याचं हे चालून जायचं. आता घड्याळ आलंय. पिना उभ्या राहिल्या की पंचवीस सेकंदांत बॉल सुटला पाहिजे. पहिल्यांदा उशीर झाला तर ताकीद, दुसऱ्यांदा झाला तर त्या फेकीला शून्य. मला हा नियम मुळीच पटत नाही, पण मला विचारतंय कोण!

गेल्या थंडीत तो म्हणाला, “ताई, भोक जरा सैल वाटतंय गं.”

मी माप घेतलं. अर्धा मिलिमीटर कमी भरलं. “थंडीने बोटं आकसतात,” म्हणाले, आणि ते खरंही आहे. पण उन्हाळ्यात बोटं सुजतात, आणि त्याच्या अंगठ्याचा तर आणखी अर्धा मिलिमीटर गेला होता. मी त्याचा पंजा उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी मांसाची गादी असते, तिथे बोटाला खळगा लागला.

आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. दुकान त्यांचंच. आधी अंगठ्याजवळचं मांस झडलं, मग ड्रिलचा दांडा धरवेना, मग शर्टाचं बटण लावता येईना. शेवटी शेवटी मीच त्यांना भरवायचे.

धाकट्याला मी काही सांगितलं नाही. हंगाम संपू दे, मग बघू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धांत खेळायला मिळणार की नाही, या काठावर तो होता. तो दर महिन्याला बॉल घासायला आणून द्यायचा. मी गुपचूप अंगठ्याचं भोक बुजवायचे आणि नवं, थोडं लहान पाडायचे. त्याचा अंगठा प्रत्येक वेळी चपखल बसायचा. “ताई, तुझ्या हाताला तोड नाही,” म्हणायचा. पोटात पाय खरं तर माझ्या होते.

हंगामाचा शेवटचा सामना. जिंकला तर पुढच्या वर्षीची जागा पक्की, हरला तर घरी. खेळाडूने सहा बॉल आधी नोंदवायचे असतात, आणि नोंद झाली की त्यांच्या भोकांना हात लावायचा नाही. पाच बॉल माझ्याकडून गेले होते. सहावा कुठला, हे मी विचारलंच नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, आणि एवढं विचारायचं मला सुचलं नाही!

डावाच्या दहा फ्रेम, प्रत्येकीत दोन फेकी; पाच फ्रेम झाल्या तेव्हा तो पुढे होता. एक ताकीद मात्र खाल्ली होती. मग खेळून खेळून लेनवर लावलेलं तेल उडालं आणि त्याचा बॉल फार लवकर वळायला लागला. अशा कोरड्या लेनवर सरळ जाणारा गुळगुळीत बॉल लागतो. सहाव्या फ्रेमला त्याने पिशवीतून निळा बॉल काढला. तीन वर्षांपूर्वी पहिली स्पर्धा त्याने जिंकली ती याच बॉलवर. तेव्हापासून तो त्याच्या घरी कपाटावर होता.

“तो नको!” मी बाकावरून ओरडले.

त्याने हसून हात हलवला. पिना उभ्या राहिल्या, घड्याळ सुरू झालं. त्याने अंगठा भोकात घातला. काढला. पुन्हा घातला. मोठ्या भावाच्या बुटात पाय घालावा तसा अंगठा आत हलत होता. आत टेप चिकटवून भोक लहान करता येतं, पण ही फट दोन-तीन पट्ट्यांनी भरणारी नव्हती. त्याने बाकीच्या पाच बॉलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मग माझ्याकडे. माझ्यासारखाच तोही त्याच दुकानात वाढलाय.

घड्याळ वाजलं. पंचांनी हात वर केला. शून्य.

फ्रेममधली दुसरी फेक बाकी होती. तिचं घड्याळ सुरू व्हायच्या आत तो माझ्यापाशी आला.

“किती गेलंय?”

“दीड मिलिमीटर.”

“बाबांसारखं?”

मी मान डोलावली.

“तुला कधीपासून माहितीये?”

“आठ महिने झाले. अरे, तुझं खेळावरचं लक्ष उडू नये म्हणून मी…”

त्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं. तो हळूच म्हणाला, “ताई, दोन हातांनी टाकणारे अंगठा घालतच नाहीत. आठ महिन्यांत मी शिकलो असतो. दोन-चार वर्षं तरी मिळाली असती.”

दोन हातांनी टाकणाऱ्यांना मी दुकानात थोटे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही. मी आठ महिने त्याचा अंगठा वाचवत बसले, आणि त्याला त्या अंगठ्याशिवायही खेळता आलं असतं.

तो परत गेला. निळा बॉल त्याने दोन्ही हातांनी उचलला, अंगठा बाहेर ठेवला आणि टाकला. बॉल निम्म्या लेनवरच बाजूच्या पन्हळीत पडला. कुणीतरी हसलं. उरलेल्या चारही फ्रेम तो तसाच खेळला, आणि दोन-तीन पिनांपलीकडे काही पडलं नाही. सामना कधीच गेला होता. पण घड्याळ एकदाही वाजलं नाही. पिना उभ्या राहायचा अवकाश, की त्याचा बॉल सुटत होता. एवढ्या घाईत त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं.