भूपेंद्रसाठी शुक्रवार

भूपेंद्रला अश्विनने जन्म दिला तो जुलैच्या तीस तारखेला, दुपारी चारच्या सुमारास. बाळंतपण सोपं गेलं.

अडचण अशी होती, की त्या महिन्यात काहीच घडलं नव्हतं. अश्विन तुमसरला कॉलेजच्या पोरांमध्ये ख्रिस्ती सेवेचं काम करायचा. संस्था त्याला काम द्यायची, पगार नाही. पगार त्याने स्वतः उभा करायचा. म्हणजे ख्रिस्ती विश्वासी लोकांच्या घरी जायचं, काम समजावून सांगायचं आणि महिन्याला जमेल तेवढं मागायचं. असे तेवीस देणारे त्याने जमवले होते. त्या तेवीस जणांना दर महिनाअखेरीस मोबाईलवर प्रार्थनापत्र जायचं. काय काय झालं, कशासाठी प्रार्थना करावी, सगळं त्यात लिहायचं. जुलैत पोरं धानाच्या रोवणीला गावी गेली होती. बायबल अभ्यासाचे आठवडे चार, माणसं शून्य. ‘या महिन्यात मी रोज दुपारी झोपलो, कृपया प्रार्थना करा’ असं लिहिणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्याने लिहिलं, भूपेंद्र नावाचा एक तरुण देवाच्या शोधात आहे, खूप प्रश्न विचारतो.

सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ऑगस्टमध्ये विचारणा सुरू झाली, भूपेंद्र कसा आहे? अश्विनने बापाच्या कर्तव्याने त्याला थोडं वाढवलं. सप्टेंबरमध्ये त्याला एक आजारी आई दिली. ऑक्टोबरमध्ये ती बरी झाली, त्यावर नागपुरातल्या चर्चमध्ये एका पाळकांनी संदेश दिला.

इथवर ठीक होतं. पण देणाऱ्यांत पवनीच्या मालनबाई होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, शुगरचा त्रास असलेल्या. महिन्याला दोनशे रुपये द्यायच्या, आणि रोज भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी डब्यात काढायच्या. सप्टेंबरपासून त्यांनी दुसरा डबा सुरू केला. भूपेंद्रच्या आईचा. शिवाय अगदी पहिल्या पत्रापासून दर शुक्रवारी उपास, संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

“त्या माऊलीले नेऊन देजो,” असं म्हणून त्या अश्विनच्या हातात पिशवी द्यायच्या. तो तांदूळ त्यानेच खाल्ला. प्रत्येक घासाला वाटायचं, हा घशात अडकणार. एकही अडकला नाही, आणि त्याला नेमकं तेच सहन होईना.

नोव्हेंबरच्या पत्रात त्याने भूपेंद्रला लांब पाठवायचं ठरवलं. मारायचं मनात आलं होतं, पण त्याच्या आईचा विचार आला. त्याने लिहिलं, भूपेंद्रला सुरतला नोकरी लागली, रविवारी सकाळी पोचेल.

पुढच्या शुक्रवारी मालनबाईंचा फोन आला. “घरी ये. आजच.”

तो एसटीने पवनीला गेला.

“जय मसीह की, मावशी.”

“बस. भूपेंद्र भेटला.”

अश्विन खुर्चीचा हात धरायला गेला. ती बिनहाताची होती.

“कोण भेटला?”

“काहून, किती भूपेंद्र आहेत तुयाजवळ? सुरतच्या चर्चच्या मंडळीत आपल्या भाचीचा नवरा आहे. मी त्याले कळवलं. चौघं जण स्टेशनवर गेले, ‘भूपेंद्र, जिल्हा भंडारा’ असा पुठ्ठा धरला. आला ना पोरगा समोर.”

“मावशी, तो...”

“लाजाळू आहे म्हणते. अश्विनदादाले ओळखत नाई म्हणते. आई कशी आहे विचारलं, तर म्हणते आई कधी आजारीच नव्हती. पाहा, किती बरी झाली.”

त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन अश्विनसमोर धरला. पडद्यावर खराखुरा मुलगा होता. मिसरूड फुटलेलं, हातात अर्धी पोळी.

“नमस्ते दादा. मी लाखांदूरचा. मले ठेकेदाराचा माणूस घ्याले येणार होता. पुठ्ठ्यावर आपलं नाव पाहून वाटलं, हेच असतील. या लोकायनं खोली देल्ली, जेवू घातलं. मी तीनदा सांगितलं का तुमचा माणूस मी नाई. ते म्हणते, देव ओळखते.” त्याने घास गिळला. “जेवण बरं आहे. बुधवारी मंडळीच्या प्रार्थनेलेही गेलो. आता मी राहू का जाऊ, तुम्हीच सांगा ना जी.”

‘राहा’ म्हटलं की काम संपत होतं. भूपेंद्र होता, सुरत होती, डिसेंबरचं पत्र आपोआप तयार होतं. पण फोन धरून बसलेल्या मालनबाईंचे ओठ पांढरे पडले होते. शुक्रवार होता.

“तू राहा बाबू. पोटभर जेव,” अश्विन म्हणाला आणि त्याने कॉल बंद केला. मग मालनबाईंना सगळं सांगितलं. जुलैतली झोप, पत्रं, आई.

“तांदूळ कोणं खाल्ला?”

“मी.”

“सगळा?”

“हो जी.”

त्या उठल्या. माठातून पाणी घेऊन उभ्यानेच प्यायल्या. मग दुसरा ग्लास.

“अठरा शुक्रवार,” त्या म्हणाल्या. “देवाजवळ नुसती ‘त्याची आई, त्याची आई’ काय म्हणायचं, म्हणून नाव ठेवलं होतं मी तिचं. चंद्रकांता.”

अश्विनला वर बघता येईना. “तुमचे पैसे बंद करा, मावशी.”

“ते बंदच. मले विचारून राहिला का तू?” त्यांनी भरलेला दुसरा डबा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. “हा देवाच्या नावानं काढला, मांगं घेता येत नाई. आता सगळ्यायले खरं लिही. इथंच बसून. अन् शुक्रवार आजपासून तुया.”

“कोणासाठी?”

“त्या लाखांदूरच्या पोरासाठी. तो तरी आहे.”

त्याने लिहिलं. भूपेंद्र मी बनवला, आईही मीच बनवली, माफ करा. पाठवलं. मालनबाईंचा फोन वाजला. सगळं आत्ताच ऐकलेलं असूनही त्यांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं.

“झोपेचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

त्याने आणखी एक ओळ पाठवली. ‘जुलैत मी रोज दुपारी झोपलो. कृपया प्रार्थना करा.’

तेवीसही जणांनी वाचल्याची खूण आली. हात जोडल्याचं चित्र एकाचंही आलं नाही. मालनबाई आत भात टाकायला गेल्या आणि अश्विन मांडीवर डबा घेऊन बसून राहिला.