बिल्ल्यांची उलटी बाजू

आमचे मालक फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी एक काळी ट्रंक आणली आणि ट्रंकेत चिंध्या आणल्या. मी चिंध्याच म्हणायची. ते बिल्ले म्हणत. वर्दीच्या बाहीवर लावायचे, भरतकाम केलेले कापडी बिल्ले. एकावर हेल्मेट घातलेला उंट, एकावर पंख फुटलेलं पातेलं, एकावर शिपायाला उचलून नेणारा एवढा मोठा डास.

"ह्ये सरकारी न्हाईत," ते मला समजावून सांगत. "पोरांनी आपल्या हौसंनं करून घेतल्यालं. तिकडं उन्हानं डोस्कं फिरतंय, घरची याद येती. मग असला बिल्ला लावायचा आन् एकमेकाकडं बघून हसायचं."

"हसून झालं न्हवं? मग टाका की आता."

तिकडं म्हणजे सोमालियात. त्र्याण्णव साली शांतिसेनेतून त्यांची तुकडी तिकडे गेली होती. हे ट्रकवर ड्रायव्हर. बंदरावर माल घ्यायला जायचं, तिथे देशोदेशीचे शिपाई. नेपाळी, मलेशियाचे, झिंबाब्वेचे, इटलीचे. बिल्ला विकत घ्यायचा नसतो आणि मागायचाही नसतो, असा त्यांच्यातला रिवाज. दोस्ती झाली की समोरचा आपल्या बाहीवरचा काढून देतो. आता यांची एवढ्यांशी दोस्ती झाली कशी, ते काही हे सरळ सांगत नसत. एकदा म्हणायचे, वाळूत रुतलेला ट्रक ओढून काढला. पुढच्या खेपेला त्याच बिल्ल्यासाठी पाण्याचा कॅन दिलेला असायचा. माझ्या ते ध्यानात येई, पण फौजी माणसाच्या गोष्टीत कोण बोट घालणार, म्हणून सोडून देई.

आमचं वाजलं ते भिंतीवरून. राजारामपुरीत आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं पिको-फॉलचं दुकान. दारासमोरच्या भिंतीवर रिळांची मांडणी. साडी घेऊन आलेली बाई आधी त्या रंगांकडे बघते, मग माझ्याकडे. नेमकी तीच भिंत यांना बिल्ल्यांसाठी हवी होती. मागच्या गल्लीतले सुभेदार बाळासो पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून बिल्ले बघायला येणार होते. बाळासोंनी मान डोलावली की तालमीपासून भाजी मंडईपर्यंत त्या माणसाला मान मिळायचा. आणि आमचे मालक आता शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या गेटवर उभे राहून मोटारींना सलाम ठोकत होते. कुणीतरी आपल्याकडे पुन्हा शिपाई म्हणून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते कळत होतं.

पण भिंत माझी होती. हे सरहद्दीवर होते तेव्हा त्या भिंतीनं दोन पोरं वाढवली. आणि यांच्या गोष्टींत उंट होता, इटलीचा आचारी होता, आजारी पडलेली बकरीसुद्धा होती. मी एकाही गोष्टीत नव्हते. खरं सांगायचं तर मला तेच झोंबत होतं.

"भिंत न्हाय मिळायची," मी सांगून टाकलं.

"चार दिसाचा तर प्रश्न हाय."

"मग चार दिस रिळं काय डोस्क्यावर घिऊन बसू?"

ते गप्प झाले. त्यांचं गप्प होणं म्हणजे आठवडाभर मुक्काम. शेवटी त्यांनी कुठून तरी एक फळी आणली, तिला हिरवी मखमल लावली, त्यावर टाचण्यांनी बिल्ले टोचले आणि फळी आतल्या खोलीत टेकवून ठेवली.

जुलैचे दिवस. कोल्हापुरात तेव्हा भिंतींनाही घाम येतो. एका दुपारी सहज लक्ष गेलं तर टाचण्या गंजलेल्या आणि उंटाच्या कानावर तांबडा डाग. माणसाशी मी कितीही भांडेन, पण कापडाची नासाडी माझ्याच्यानं बघवत नाही. हे ड्युटीवर होते. बडबडत मी फळी मांडीवर घेतली. म्हटलं, टाचण्या काढून चार टाके घालू, म्हणजे सुटले एकदाचे. उंटाची टाचणी काढली आणि बिल्ला उलटा केला.

कडेकडेनं दोऱ्याची तुटकी टोकं राहिली होती. रंग वांगी.

तो रंग मी अंधारातही ओळखला असता. एका नवरीच्या शालूसाठी मी रिळांचा डबा मागवला होता आणि रंग आला भलताच. धड जांभळा नाही, धड काळा नाही, वांग्याच्या सालीसारखा. अख्ख्या कोल्हापुरात त्याला जुळणारी साडी सापडेना. हे सोमालियाला निघाले तेव्हा दुसऱ्यांच्या बायकांनी लाडू-चिवडा दिला. मी तो डबा ट्रंकेत टाकला आणि म्हटलं, बटणं तुटली तर लावा.

पातेलं उलटं केलं. वांगी दोरा. पुढचा उलटा केला, त्यालाही तोच. काही ठिकाणी अख्खे टाके शाबूत होते. बारीक, तिरके, कापडाचा एखादाच धागा उचलणारे. हा फॉलचा टाका. पुढून बघणाऱ्याला काही म्हणता काही दिसू नये, असा घालायचा असतो. हे सुट्टीवर आले की माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत राहायचे. मला वाटायचं, करमत नसेल.

मग डासाचा बिल्ला घेतला. त्याच्या मागे खाकी कापडाचा फाटका तुकडा लोंबत असायचा. मला त्याची किळस होती. आज नीट पाहिलं. तो तुकडा म्हणजे कुणाच्या तरी बाहीचा होता, आणि बिल्ला अजून त्या बाहीवर शिवलेलाच होता. चारी बाजूंनी. एक टाका तुटलेला नाही, एक सैल नाही.

माझं माहेर निपाणी, सासर कोल्हापूर. मिरजेच्या पलीकडे मी रेल्वेनं कधी गेले नव्हते. आणि माझ्या दुकानातला दोरा समुद्र ओलांडून गेला होता. ज्यांची नावं माझ्या जिभेवर बसणार नाहीत अशा माणसांच्या दंडावर तो राहिला, त्यांच्यासोबत उन्हात भाजला, घामानं भिजला, त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये झोपला. मी इथे खाली मान घालून फॉल लावत होते आणि माझा दोरा जग बघत होता. दुकानात गिऱ्हाईक येऊन हाक मारून गेलं, तरी मी एकेक बिल्ला टेबलावर पालथा मांडतच राहिले.

चार वाजता हे आले. कटिंगच्या टेबलावर सगळे बिल्ले पालथे मांडलेले बघून दारातच थांबले.

"येन्री इदु?" मी विचारलं. भीती वाटली किंवा राग आला की मला माहेरची कानडी फुटते. तेव्हा या दोन्हींपैकी काहीच नव्हतं, तरी फुटली. "अवं, काय हाय ह्ये? ह्यो दोरा माझा हाय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि स्टुलावर बसले.

"तिकडं वारं खारं," ते खाली बघत म्हणाले. "आमाला मिळाल्याला दोरा आठ दिसात कुजायचा. बिल्लं लोंबाय लागलं. मी माझा लावला, तुझ्यावाणी. त्यो टिकला. मग शेजारचा नेपाळी आला. मग त्येचा दोस्त. मग काय, दुपारी ट्रकच्या सावलीला लाइन लागाय लागली की. घरला जाताना ज्यानं त्यानं आपला बिल्ला काढून दिला."

"आन् ह्यो डास?"

"मलेशियाचा पोरगा व्हता. मला द्यायचा म्हणून उसवाय बसला. उसवंना. ब्लेड आणलं आन् तसंच ठेवलं. म्हणला, एवढा चांगला टाका तोडाय नगं. बाहीच कापून दिली. एका बाहीनं इमानात बसला गडी."

मला हसू आलं आणि हसताहसता डोळे भरले.

"मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाय?"

"काय सांगू? बंदूक घिऊन गेलतो आन् सावलीत बसून फॉल लावलं, आसं? तालमीतली माणसं काय म्हणतील? सुभेदार काय म्हणतील?" आणि मग हळूच, "कुणाला बोलू नगंस."

ते लागलं मला. ज्या कामावर हे घर उभं होतं, त्याचीच यांना लाज. पण डासाचा बिल्ला समोरच होता. त्याच्या त्या अभंग टाक्यांकडे बघून भांडायचं बळ येईना.

"न्हाय बोलत," मी म्हणाले. "पर मांडायचं कसं ते मी ठरवणार."

भिंत दिलीच नाही. रस्त्याकडची खिडकी दिली. जुनी मच्छरदाणी फाडून तिची जाळी चौकटीत ताणली, तिच्यावर एकेक बिल्ला हलक्या हातानं टाचला आणि दोन्ही बाजूंनी काच बसवून घेतली. तोंडं रस्त्याकडे, पाठी माझ्या मशीनकडे. लोकांना उंट दिसू दे, मला माझा दोरा दिसू दे. दुपारी ऊन आलं की काचेतून ते वांगी टाके उजळायचे आणि माझा पाय मशीनवर आपोआप थांबायचा.

पंधरा ऑगस्टला बाळासो आले. कोटावर मेडलं, मागे तालमीतले चौघेजण. रस्त्यात उभं राहून त्यांनी सगळे बिल्ले निरखून पाहिले.

"बाळाप्पा, लई मोठी कमाई हाय ही," ते आमच्या मालकांना म्हणाले. "एवढ्या परक्या मुलखातल्या माणसांनी तुला दिलं, ते कशापायी रं?"

मी आत मशीनवर. बिल्ल्यांच्या फटींतून मला मालकांचा चेहरा दिसत होता. आता वाळूतला ट्रक निघणार, मी मनाशी म्हटलं.

"त्येचं आसं झालं," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे त्यांना मी दिसत असणार.

"सुभेदारसाहेब, आत या," ते म्हणाले. "मागनं बघाय पायजे."

पाचहीजण चपला काढून माझ्या एवढ्याशा दुकानात शिरले. बाळासोंनी चष्मा लावला. मालकांनी काचेवर, टाक्यांपाशी बोट ठेवलं.

"ही शिलाई माझी हाय. फॉलचा टाका. हिच्याकडनं शिकलो. ट्रकच्या सावलीला बसून सगळ्यांचं बिल्लं शिवलं, म्हणून दिलं त्यांनी. आन् दोरा हिचा हाय."

कुणी हसलं नाही. बाळासो डासाच्या बिल्ल्यापाशी वाकले. त्या कापलेल्या बाहीवरचे टाके त्यांनी एकेक करून निरखले. मग त्यांनी कोट काढला. मेडलांची पट्टी एका कडेनं सुटून लोंबत होती.

"सून लावती, पर आठ दिसात निसटती," असं म्हणून त्यांनी कोट पुढे केला. "तो रंग हाय का शिल्लक?"

मालक आत गेले आणि ट्रंकेच्या तळातून वांगी रीळ घेऊन आले. अर्धं उरलेलं. मी सुई घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती माझ्या आधी उचलली. दाराशी, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल असं स्टूल ओढून बसले आणि कोट मांडीवर घेतला.

मी दोरा तोडून दिला.