आईंना जांभळे केस हवेत

लग्न झाल्यापासून सासूबाईंनी मला त्यांच्या केसांना कधी हात लावू दिला नव्हता. मी दिवसभर सलूनमध्ये परक्या बायकांची डोकी रंगवते, आणि घरात ही बाई बाथरूमला आतून कडी लावून आपलं आपण काहीतरी करते. वर चारचौघांत हसत सांगणार, "सुनेच्या हातात किल्ल्या द्याव्यात, डोकं देऊ नये." सगळे हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

त्यामुळे त्या सकाळी सासूबाई प्लास्टरमधला हात सांभाळत, डोक्याचा रुमाल सोडून माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला फिकट जांभळे करून दे," तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा चाललीय.

"जांभळे? तुम्हाला?"

"बेबीचे होते तसे. आणि ती यायच्या आत."

मग मला सगळं कळलं.

बेबी म्हणजे माझी नणंद. कॉलेजात असताना ती एकदा केस फिकट जांभळे करून घरी आली. घरात पाहुणे बसलेले. आईंनी तिला दारातच अडवलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "असलं डोकं घेऊन माझ्या घरात यायचं नाही." पोरगी आल्या पावली परत गेली, ती गेलीच. पुढे मैत्रिणींकडे राहिली, शिकली, नोकरीला लागली. भावाला भेटायची ती बाहेर, कुठल्यातरी बागेत नाहीतर हॉटेलात. आता ती कायमची परदेशी निघाली होती आणि जायच्या आधी एकदा आपली खोली बघायला येणार होती. अट एकच. आई घरात नको. माझ्या नवऱ्याने आईला "तेवढा वेळ शेजारी जाऊन बस" असं सांगितलं आणि तो बहिणीला आणायला गेला.

"मी नाही जाणार शेजारी," आई म्हणाल्या. "दार मी उघडणार. तसलंच डोकं घेऊन. मग तिला काय बोलायचं ते बोलू दे."

"आणि ती तशीच परत फिरली तर?"

त्यांनी चांगल्या हाताने टॉवेल खांद्यावर ओढून घेतला.

मी त्यांना समजावलं. काळ्या रंगावर जांभळा चढत नाही. आधी ब्लीचने खालचा रंग काढावा लागतो, केळीच्या सालीची आतली बाजू असते तितका फिकट होईपर्यंत. वर्षानुवर्षं रंगवलेले केस एका बैठकीत तिथवर येत नाहीत. घाई केली तर केस रबरासारखे ताणतात आणि तुटतात, टाळू भाजते ती वेगळीच.

"होईल तेवढं कर," आई म्हणाल्या.

"आधी सांगा, आजवर काय लावत होता?"

"दुकानातलं रंगाचं खोकं. सगळ्या बायका लावतात तेच." हे त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं.

मी काही दूधखुळी नाही. कानामागची एक बारीक बट कापली, काचेच्या वाटीत ब्लीच कालवलं आणि बट त्यात बुडवली. "हे कशाला? सरळ लाव की डोक्याला," असं त्यांचं चालूच होतं. घरी करणारे सगळे इथेच चुकतात. आधी एका बटेवर बघायचा धीर त्यांना नसतो.

थोड्या वेळात वाटी कोमट झाली. मग गरम झाली. मग इतकी तापली की हातमोज्यातूनही धरवेना. बुडबुडे आले आणि जळका वास सुटला. मी खिडकी उघडली आणि वाटी बेसिनमध्ये ठेवून नळ सोडला. बट बोटांत धरून ओढली, तर तिचे तुकडे झाले.

"आई, खोक्यातला रंग असा तापत नाही. तुम्ही लावता त्यात धातू आहे. हे मी तुमच्या डोक्याला लावलं असतं म्हणजे? आता खरं सांगा."

"काळी पावडर आहे," त्या खाल मानेनं म्हणाल्या. "सुटी मिळते. झाडपाल्याची आहे म्हणून देतात."

"मग लपवलंत कशाला?"

"तिशीत पांढरे झाले माझे. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही. सगळे म्हणायचे, काय काळेभोर केस आहेत, माहेरची देणगी. मीही हो म्हणत गेले. त्या दिवशी पाहुण्यांनी बेबीच्या डोक्याकडे बघितलं आणि मग माझ्या. एकीने विचारलं, हे तुमच्याकडूनच शिकली का. मला धडकीच भरली. वाटलं, आता माझंही बाहेर पडणार."

"एवढ्यासाठी पोरीला घालवलंत?"

"एवढ्यासाठी."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतका संताप आला की हातातला ब्रश भिंतीवर फेकावासा वाटला. पण त्या स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या, आणि रागाच्या मागोमाग मला त्यांची कीवही आली.

फोन वाजला. नवरा होता. "निघालो आम्ही. आई गेली ना शेजारी?"

मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"काहीच नाही का करता येणार?" आईंनी विचारलं. आवाज असा, की जणू मीच त्यांची सासू.

मी त्यांचा भांग पाडून बघितला. मनगट मोडल्यापासून हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे पावडर लावणं बंद होतं. मुळाशी दोन बोटं पांढरेशुभ्र केस आले होते. एवढे दिवस ते रुमालाखाली होते, आणि मी मघापासून खालचे काळेच बघत होते.

"या पांढऱ्यांवर पावडर लागलेली नाही," मी म्हटलं. "यांना ब्लीचही नको. जांभळा सरळ बसेल. पण खालचे काळे सगळे कापावे लागतील. डोकं मुलग्यासारखं दिसेल."

त्यांची वेणी कंबरेपर्यंत होती. लग्नाकार्यात बायका हातात घेऊन बघायच्या, अशी. आईंनी ती पुढे घेतली, एकदा तिच्यावरून हात फिरवला आणि पाठीवर टाकली.

"काप."

"आई, एकदा कापले की..."

"काप म्हणते ना. बोलण्यात वेळ घालवू नको."

मी कात्री चालवली. पहिला काप वाकडा गेला, हे मी सलूनमध्ये कुणाला सांगणार नाही. वेणी जमिनीवर पडली. त्यांनी खाली बघितलंही नाही. मग उरलेले काळेही मी पांढऱ्यापर्यंत कापून काढले. कंडिशनरमध्ये जांभळा कालवून मी लावत सुटले. पांढरे केस हट्टी असतात, रंग लवकर घेत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तोच नव्हता. खाली गाडीचं दार आपटलं. मी त्यांचं डोकं बेसिनमध्ये धरून धुतलं, कसंबसं पुसलं, तोवर बेल वाजली.

आईंनी टॉवेल माझ्या हातात दिला आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

बेबी समोर होती. तिच्यामागे माझा नवरा तोंड उघडं टाकून उभा. बेबीने आईला बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"माझे पांढरे आहेत, बेबी," आई म्हणाल्या. ओल्या केसांतून कपाळावर जांभळा ओघळ आला होता. "तू लहान होतीस तेव्हापासून. मी रंगवायचे, आणि बोलले मात्र तुला. चुकलं माझं."

जिन्यात कुणीतरी वर चढत गेलं, ते जाईपर्यंत बेबी तशीच उभी राहिली. मग तिने हात पुढे केला, आईची हनुवटी धरून मान वळवली आणि मागचं डोकं निरखलं.

"इथे पांढरं राहिलंय," ती म्हणाली. "कोणी केलं हे?"

"तुझ्या वहिनीने," आई म्हणाल्या.

"वहिनी, रंग उरलाय?" तिने चपला काढल्या आणि आत आली. "बस गं आई. हलू नकोस."

माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं तर मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मी वाटी आणि ब्रश मुकाट्याने तिच्या हातात दिले.